मिनेसोटातील हमोंग शेतकऱ्यांचा सामायिक मळा

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरचा पूर्वार्ध हा भाजीपाल्याच्या तोडणीचा सर्वांत धावपळीचा काळ असतो, कारण टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी ही उबेची पिके तेव्हाच भरावर येतात आणि पुढे काही आठवड्यांतच पहिल्या गोठवणाऱ्या रात्री ती करपून जातात. सेंट पॉल शहराच्या दक्षिणेस, डाकोटा काउंटीत, 155 एकरांवर पसरलेल्या हमोंग शेतकऱ्यांच्या मळ्यातही याच दिवसांत वर्षभराच्या कष्टांचा हिशेब लागतो.

हमोंग हे लाओसच्या डोंगराळ भागातील शेतकरी. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने त्यांतील अनेकांना आपल्या बाजूने लढवले आणि 1975 मध्ये लाओसात साम्यवादी सत्तेवर आल्यानंतर हजारो कुटुंबे मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत व तेथून अमेरिकेत पोहोचली. मिनेसोटात आलेल्या अनेकांनी भाजीपाला पिकवून शेतकरी बाजारात विकायला सुरुवात केली, आणि त्यांच्यामुळे स्थानिक मालाच्या शेजारी कारली, गवती चहा, तिखट मिरच्या आणि हातभर लांबीच्या चवळीच्या शेंगाही दिसू लागल्या, ज्यांची मराठी गृहिणीला ओळख करून द्यावी लागणार नाही.

तोडणीचे काम दिसते त्याहून नाजूक आहे. काकडी व शेंगा एक-दोन दिवसांआड तोडाव्याच लागतात, कारण वेलीवर फळ जून झाले की नवी फळधारणा मंदावते. माल शक्यतो सकाळच्या गारव्यात काढून लवकर थंड केला जातो, तरीही सगळ्याच भाज्यांना एकच शीतगृह चालत नाही: पालेभाज्या शून्य अंशाच्या जरा वर उत्तम टिकतात, तर टोमॅटो, वांगी आणि काकडी सुमारे 10 अंश सेल्सिअसखाली ठेवल्यास बिघडतात. धुण्याची, निवडण्याची व साठवणीची अशी सोय एकट्या लहान शेतकऱ्याला क्वचितच परवडते, आणि येथेच एकत्र येण्याला अर्थ येतो.

हा मळा चालवणारी हमोंग अमेरिकन फार्मर्स असोसिएशन ही संस्था 2011 मध्ये शेतकरी कुटुंबांनीच स्थापन केली. ती सभासदांचा माल एकत्र करून शाळा व इतर संस्थांना पुरवते, तसेच हंगामाआधी वर्गणी भरणाऱ्या ग्राहकांना ठरावीक दिवशी भाजीची पेटी देते. या पद्धतीत शेतकऱ्याच्या हाती पेरणीपूर्वीच भांडवल येते. मात्र विक्रीपेक्षा जमिनीचा प्रश्न अधिक मूलगामी मानला पाहिजे. वर्षा-दोन वर्षांच्या खंडाने घेतलेल्या रानात कोणी विहीर खोदत नाही आणि मातीचा कस वाढवण्यासाठी आच्छादन पिकेही, म्हणजे विक्रीसाठी नव्हे तर जमिनीसाठी पेरलेली पिके, घेत नाही, कारण त्यांचे फळ पुढच्या खंडकऱ्याच्या पदरात पडण्याचीच शक्यता अधिक असते. संस्था सभासदांना देते ते दीर्घ मुदतीचे पट्टे हा म्हणूनच या मळ्याचा खरा पाया आहे; आरंभी संस्थेकडेही ही जमीन खंडानेच होती, ती तिने राज्य सरकारच्या निधीच्या साहाय्याने 2022 मध्ये विकत घेतली.