गॅस सरत नाही, गळतो

मे महिन्यात भोपाळच्या अरेरा कॉलोनीत आम्ही घरभेटीस जातो, तेव्हा एक तक्रार हटकून कानी पडते: “फादर, एसी चालतो, पण खोली गार होत नाही, गॅस संपला असावा.”

वाचकहो, हा गॅस दिव्यातील तेलासारखा जळून सरत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला, तर कोठेतरी गळती आहे असेच समजावे.

प्रथम जाळी धुवावी, कारण धुळीनेही थंडावा घटतो व बर्फ साचतो. जाळी स्वच्छ असूनही नळीवर बर्फ धरला, फुसफुस ऐकू आली, यंत्र अखंड चालूनही हवा कोमट राहिली, तर ते बंद करून जाणत्या कारागिरास बोलवावे. “आधी गळती शोधून बुजवा, मग गॅस भरा,” असे त्यास सांगावे. दरसाल नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

प्रश्न केवळ पैशांचा नाही. अनेक नव्या यंत्रांतील आर-३२ हा वायू पेट घेऊ शकतो. शिवाय तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडहून तो शंभर वर्षांत सुमारे ६७५ पट अधिक उष्णता कोंडतो. १९८४ च्या त्या विषारी वायूशी याची तुलना नव्हे. परंतु गळतीकडे कानाडोळा करू नये, हे या नगरीस कोणी शिकवावयास नको. आपली खोली निववताना शेजाऱ्याचे आकाश न तापविणे, हीही शेजारप्रीतीच होय.