भरतीच्या वेळी रोहितांनी बसायचे कुठे?

ठाण्याच्या खाडीत दिवसातून दोनदा ओहोटी लागते आणि दूरवर काळा चिखल उघडा पडतो. साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत नवी मुंबईत मुक्कामाला असणाऱ्या रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, पोट या चिखलावर चालते. त्यांत संख्येने जास्त असतो तो लहान रोहित. तो डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवतो, जिभेने पाणी आत ओढतो आणि चोचीतल्या बारीक चाळणीतून सूक्ष्म शेवाळ गाळून घेतो. मोठा रोहित चिखलातले बारीक जीव, शिंपले, अळ्याही टिपतो.

भरती आली की हा चिखल पाण्याखाली जातो. मग पक्ष्यांना काही तास विसावायला उथळ पाणी लागते. नेरुळचा डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य ही सागरी प्रशिक्षण संस्था आणि एनआरआय निवासी संकुल यांच्यालगतच्या पाणथळ जागा, उरणकडचे पाणजे ही त्यांची भरतीची ठिकाणे. खाडीतला चिखल राखला आणि ही ठिकाणे गमावली, तर रोहितांचे अर्धे घर गेले असेच समजायचे. ठाणे खाडीच्या सुमारे १६९० हेक्टर क्षेत्राला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये खाडीचे नाव आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. पण नेरुळचे तलाव अभयारण्याच्या हद्दीबाहेरच राहिले. नकाशावरची रेघ पक्ष्यांच्या रोजच्या फेरीला अर्ध्यावर कापते, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

मुंबई परिसरात रोहितांचे मोठे थवे दिसू लागले ते १९९० च्या दशकात, आधी शिवडीच्या बाजूला. खाडीत येणाऱ्या सांडपाण्याने शेवाळ वाढले आणि त्या अन्नावर हे पक्षी आले, असे अभ्यासक सांगतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या २०१९ च्या गणनेत त्यांची संख्या १ लाख २० हजारांच्या घरात गेली होती. एवढे पक्षी अनेक जागी विखुरलेले असतात, म्हणून नेरुळचा एखादा तलाव रिकामा दिसला, तर ‘रोहित कमी झाले’ असे एकदम म्हणता येत नाही. पक्षी मेले, की दुसरीकडे गेले, की या वर्षी उशिरा येणार आहेत, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात.

उशिरा येण्याचे कारण बरेचदा गुजरातेत असते. रोहित कच्छच्या रणात चिखलाचे उंचवटे रचून त्यांवर घरटी करतात. तिथे पाऊस भरपूर झाला, पाणी जास्त दिवस टिकले, तर ते तिथेच रेंगाळतात. पूर्व आफ्रिकेतला धडा याच्या उलट आहे. तिथल्या खाऱ्या तलावांची पातळी वाढून पाण्यातले क्षार विरळ झाले आणि लहान रोहितांचे शेवाळ घटले, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. पाणी कमी झाले तरी रोहितांची पंचाईत, वाढले तरी पंचाईत. आपल्या खाडीत तिसरीच गोष्ट घडते आहे: भराव आणि पुलांमुळे प्रवाह मंदावतो, गाळ साचतो, त्या गाळावर खारफुटी पुढे सरकते आणि उघडा चिखल आक्रसतो. खारफुटी वाढणे चांगलेच. पण रोहिताला झाडीत चरता येत नाही.

नेरुळच्या तलावांचे दुखणे यापेक्षा साधे आहे. डीपीएस तलाव सुमारे ३० एकरांचा. खाडीचे पाणी त्यात ज्या वाटांनी येते-जाते, त्या जेटीच्या कामात बुजल्या, अशी तक्रार पर्यावरण कार्यकर्त्यांनी सातत्याने केली. भरतीचे पाणी आत आले नाही की साचलेले पाणी आटते, उरते त्यावर शेवाळाचा जाड थर धरतो आणि पक्षी उतरेनासे होतात. २०२४ च्या उन्हाळ्यात या परिसरात काही रोहित मेलेले आणि जखमी सापडले, तेव्हा हा प्रश्न शहराला दिसला. नेरुळ जेटीजवळच्या मोठ्या फलकावर आदळूनही काही दगावले होते. तो फलक नंतर काढण्यात आला. रस्त्यांवरचे प्रखर दिवे रात्री कमी उंचीवरून उडणाऱ्या थव्यांची दिशाभूल करत असावेत, हीही शंका रास्त वाटते.

त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरवर मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाला थवा धडकला आणि सुमारे ४० रोहित गेले. लाखाच्या थव्यात ४० म्हणजे काहीच नाही, असे कुणाला वाटेल. पण रोहिताची मादी एका हंगामात एकच अंडे घालते आणि हा पक्षी कित्येक वर्षे जगतो. अशा पक्ष्यात मोठी, वीण घालणारी जोडपी गेली तर ती भरून यायला फार काळ लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाल्यानंतर हा मुद्दा आणखी जवळ आला आहे. नेरुळचे पाणी बंद केले म्हणून रोहित नाहीसे होणार नाहीत, ते उथळ पाणी शोधत फिरतील. ठरलेल्या जागी विसावणारा थवा विमानांसाठी कमी धोक्याचा, असे माझे मत आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. ही मोठी गोष्ट आहे. त्याआधी २०१८ मध्ये एनआरआय आणि टी. एस. चाणक्यच्या पाणथळीवरील बांधकामाला मुंबई उच्च न्यायालयाने अटकाव केला होता आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणजे ही लढाई एका तलावाची नाही. कच्छचा पाऊस आपल्या हाती नाही. भरतीच्या पाण्याची वाट मोकळी ठेवणे, तिच्या तोंडाशी साचणारा गाळ दरवर्षी पावसानंतर काढणे आणि प्रत्येक तलावावरची पक्ष्यांची संख्या त्या दिवशीच्या भरतीच्या उंचीसोबत नोंदवणे हे मात्र महापालिका, नवी मुंबई वसवणारे सिडको महामंडळ आणि वन विभाग मिळून आजपासून करू शकतात. अशी नोंद सलग काही हंगाम झाली, तरच पक्षी घटले की दुसरीकडे सरकले, हे सांगता येईल.