लिपोला मे महिना सोसत नाही!

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या कापडाचं गाव. दिवाळीच्या सुमारास धान निघालं की भोवतालच्या बांध्या मोकळ्या होतात. लाखोळी न पेरलेली एखादी बांधी बघा आणि हातानं सोडायचं रिमोटचं विमान खुशाल उडवा. मेमध्ये मात्र नको, आणि त्याचं कारण आहे बॅटरी.

लिथियम पॉलिमर, म्हणजे लिपो, ६० अंश सेल्सिअसच्या वर तापली की खराब व्हायला लागते. नोव्हेंबरच्या सकाळी हवा १५ अंशांवर असेल तर तापायला ४५ अंशांची मोकळीक मिळते. भंडाऱ्याच्या मे महिन्यात सावलीतच ४५ अंश, म्हणजे हाती उरले जेमतेम १५! चार्जिंगची वरची मर्यादाही साधारण ४५ अंशच, त्यामुळे दुपारी अंगणात चार्जर लावणंही धोक्याचं.

खरा खेळ थ्रॉटलवरच्या अंगठ्याचा. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. बॅटरीचा अंतर्गत रोध ३० मिलिओहम धरा. २० अँपिअरला आत १२ वॉट उष्णता, ४० अँपिअरला थेट ४८! पूर्ण थ्रॉटल चढण्यापुरता, मग अंगठा मागे. इतका स्वस्त कूलर दुसरा नाही.

थर्माकोल-फोमचं विमान हलकं खरं, पण ते बॅटरीला गोधडीसारखं गुंडाळून ठेवतं. नाकाजवळ भोक पाडून भागत नाही, शेपटीकडचं भोक त्याहून मोठं हवं. गरम हवा बाहेर पडली तरच गार हवा आत येईल.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. मार्च २०१५ मध्ये अहमदाबाद, वाराणसीला उतरलेलं सौर विमान ‘सोलर इम्पल्स २’ त्याच वर्षी जपानहून हवाईला पोचलं, पण वाटेत बॅटऱ्या इतक्या तापल्या की पुढचं उड्डाण एप्रिल २०१६ मध्ये झालं. मंगळावर उलटं! तिथल्या ‘इंजेन्युइटी’ हेलिकॉप्टरची बरीचशी वीज रात्रीच्या कडाक्यात ऊब राखण्यातच जायची.

विमान उतरलं की बॅटरी काढून सावलीत ठेवा, हाताला गार लागल्यावरच चार्जरला लावा. आठवडाभर उडवायचं नसेल तर दर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. पूर्ण भरलेली लिपो उन्हाळ्यात पत्र्याखाली पडून राहिली तर लवकर फुगते, आणि फुगलेली लिपो पुन्हा विमानात घालायची नाही.