पहारेकरी वेशीवरच का थबकतात?

कर्करोगावरचे एकच औषध एका रुग्णाला लागू पडते, दुसऱ्याला नाही. असे का? उत्तराचा मोठा भाग गाठीच्या अवतीभवती दडलेला आहे.

गाठ म्हणजे नुसता बिघडलेल्या पेशींचा गोळा नव्हे. तिच्यात रक्तवाहिन्या असतात, चिवट तंतू असतात, शरीराच्या पांढऱ्या पेशीही असतात. आणि त्यातल्या काही चक्क फितूर होतात! घाण फस्त करणाऱ्या भक्षक पेशी गाठीलाच नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. लढवय्या टी-पेशी आत शिरल्याच, तर त्यांची उपासमार होते. ग्लुकोज गाठीने आधीच संपवलेले असते, भोवती आम्ल साचलेले असते.

टी-पेशींना ‘पीडी-१’ नावाचा एक ब्रेकही असतो. जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने तो १९९२ मध्ये शोधला. गाठीतल्या पेशी नेमका हाच ब्रेक दाबतात. तो सोडवणारी औषधे आली. २०१८ मध्ये होंजो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना नोबेल मिळाले. पण टी-पेशी मुळात वेशीबाहेरच अडकल्या असतील, तर ब्रेक सोडून काय उपयोग?

मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलने विकसित केलेल्या ‘कार-टी’ उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तीही रक्ताच्या काही कर्करोगांसाठीच. तिथे लढाई बरीचशी मोकळ्यावर होते. स्वादुपिंडाच्या गाठीत मात्र आधी तटबंदी फोडावी लागते.