आत पाणी घ्यायचं की बाहेर ठेवायचं?

आदिलाबादची थंडी अख्ख्या तेलंगणात प्रसिद्ध आहे. हैदराबादला अजून पंखा चालू असतो, तेव्हा उटनूर-इंद्रवेल्लीकडे पहाटे पारा एक आकडी झालेला असतो आणि दारोदारी शेकोट्या पेटलेल्या असतात. केसलापूरच्या नागोबा देवासाठी गोंडांच्या मेस्राम कुळातली मंडळी हस्तिनमडुगूहून गोदावरीचं पाणी आणायला अनवाणी चालत निघतात, तेही याच पौषातल्या थंडीत. अशा पहाटे इथल्या एखाद्या तळ्याच्या काठावर गेलात, तर पाण्यावरून वाफ उठताना दिसेल. वाफ दिसते, म्हणजे पाणी हवेपेक्षा गरम आहे. पाणी सावकाश तापतं आणि तितक्याच सावकाश निवतं. रात्रीतून हवा दहा-पंधरा अंशांनी उतरली तरी तळ्याला त्याची फारशी खबर नसते. उटनूरला गारठवते ती मुख्यतः हवा.

हे आधी सांगायचं कारण असं की, थंड पाण्यात वेकबोर्डिंग करायला वेटसूट घ्यावा की ड्रायसूट, या प्रश्नाला बहुतेक जण एकच आकडा लावून मोकळे होतात: पाण्याचं तापमान. तो आकडा हवाच, पण तो निम्माच प्रश्न सोडवतो.

वेकबोर्डिंग म्हणजे दोन्ही पाय एका फळीवर बांधून, बोटीला जोडलेल्या दोरीचा दांडा धरून, बोटीकडे खांदा करून उभं राहायचं आणि बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून उड्या मारत जायचं. बोटीचा वेग साधारण तासाला ३० ते ३८ किलोमीटर. यातला माणूस पाण्यात असतो तो सुरुवातीला आणि पडल्यावर. बाकी वेळ तो पाण्यावर उभा असतो, वाऱ्याच्या तोंडी. आणि पाळी संपली की ओल्या अंगाने बोटीत बसून इतरांच्या उड्या बघतो. गारठा खरा भरतो तो इथे, बाकावर बसल्यावर.

आता हे दोन पोशाख काम कसं करतात ते बघू. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी उष्णता सुमारे चोवीस पट वेगाने वाहून नेतं. म्हणून तारकर्लीला समुद्र कोमट असतानाही स्कूबावाले तुमच्या अंगावर वेटसूट चढवतात. अर्धा-पाऊण तास पाण्याखाली राहिलं तर कोमट समुद्रही अंगातली ऊब काढून घेतो.

वेटसूट निओप्रीनचा असतो. निओप्रीन म्हणजे कृत्रिम रबर, पण सूटसाठी ते फुगवून घेतलेलं असतं. त्यात वायूचे लाखो बारीक, बंद बुडबुडे असतात. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत नौदलाच्या पाण्याखाली उतरणाऱ्या जवानांसाठी यावर काम केलं. उबदार राहायला कोरडं राहावंच लागतं असं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. ऊब धरतात ते बुडबुडे. सूट आणि कातडी यांच्यामध्ये थोडं पाणी शिरलं आणि तिथेच थांबलं, तर अंग ते एकदा तापवतं आणि काम भागतं.

अडचण आहे ती ‘तिथेच थांबलं तर’ यात. वेटसूटमधलं पाणीच आपल्याला गरम ठेवतं, असं अनेक दुकानदारसुद्धा छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. ते पाणी फक्त सोसायचं असतं, जितकं कमी तितकं बरं. ते बाहेर पडून त्याच्या जागी नवं गार पाणी आलं की अंगाला पुन्हा पहिल्यापासून ते तापवावं लागतं. पोहणाऱ्याच्या बाबतीत ही ये-जा हळू चालते. वेकबोर्डवरून पडणारा मात्र पाण्यावर अक्षरशः आपटतो. गळा जरा सैल असला तर त्या आपटीत पाणी मानेतून घुसतं आणि पाठीवरून थेट कमरेपर्यंत जातं. चांगला पाच मिलिमीटरचा पण ढगळ सूट आणि तीन मिलिमीटरचा चपखल सूट समोर ठेवले, तर मी तीनचा उचलेन.

चपखल म्हणजे किती, हे दुकानातच तपासायचं. सूट कोरड्या अंगावर चढवताना घाम फुटला पाहिजे. पायात प्लास्टिकची पिशवी घालून पाय सरकवला की निम्मा त्रास वाचतो. वर ओढताना नखं लावायची नाहीत, बोटांच्या पेरांनीच ओढायचं, नाहीतर निओप्रीनला चंद्रकोरीसारखे काप जातात. घातल्यावर उकिडवं बसा, हात डोक्यावर न्या. मग कुणाला तरी कमरेच्या खोलगट भागावर हात ठेवून बघायला सांगा. तिथे कापड चिमटीत येत असेल तर पाणी तिथेच साठणार. काखेत आणि गुडघ्यामागे वळ्या दिसल्या तरी तेच. गळा आवळल्यासारखा वाटला पाहिजे, पण मान वळवताना श्वास अडखळता कामा नये.

सूटवर ४/३, ५/४ असे आकडे असतात. पहिला धडाच्या कापडाची जाडी, दुसरा हातापायांची, दोन्ही मिलिमीटरमध्ये. वीस अंशांच्या पुढच्या पाण्यात आखूड किंवा दोन-तीन मिलिमीटरचा पुरतो. पंधराच्या आसपास ३/२ किंवा ४/३ लागतो. दहा-बाराला ५/४, शिवाय पायमोजे आणि टोपी. हातांवरची जाडी मुद्दाम कमी ठेवतात, कारण दोरीचा दांडा धरून लोंबकळणाऱ्या माणसाला प्रत्येक हालचालीला त्या रबराशी झुंजावं लागतं. थंडीत आधी दमतात ते कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू. हातमोजेही म्हणूनच पातळ हवेत.

त्यात वारा असतोच. बाहेरून कापड लावलेला वेटसूट पाणी धरून ठेवतो, वारा लागला की ते पाणी उडू लागतं आणि सूट माठासारखा गार होत जातो. म्हणून वेकबोर्डिंगसाठी छाती-पाठीवर कापड नसलेलं, गुळगुळीत निओप्रीन बरं. त्यावरून पाणी निथळून जातं. ते लवकर फाटतं ही त्याची किंमत. दुसरा उपाय अगदी साधा आहे: पाळी संपली की सूटवरूनच वारा अडवणारं ढगळ जाकीट चढवायचं.

ड्रायसूटचा विचार उलटा. तो पाणी आत येऊच देत नाही. कापड जलरोधक, चेन जलरोधक, आणि मान, मनगटं व घोटे इथे लेटेक्सच्या पट्ट्या कातडीला घट्ट चिकटलेल्या. पण बोटीमागे ओढल्या जाणाऱ्यांसाठीचे सूट म्हणजे जवळजवळ नुसती पातळ पिशवी असते, तिला स्वतःची ऊब नसते. ऊब द्यायची ती आतल्या कपड्यांनी. लोकरीचे किंवा फ्लीसचे कपडे घाला. सुती बनियन घालून ड्रायसूट चढवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, कारण सूत घाम पितं आणि अंगाला चिकटून गार पडतं.

घातल्यावर आतली हवा काढायची असते. खाली उकिडवं बसायचं, हात अंगाशी आवळायचे आणि मानेच्या पट्टीखाली एक बोट सरकवायचं. फुस्स आवाज करत हवा निघते. हे टाळलं तर पाण्यात पडल्यावर ती हवा जिथे जागा मिळेल तिथे फुगा करते. पाय वर झाले तर पायांकडे जाते आणि सरळ व्हायला झगडावं लागतं. ड्रायसूट फुगतो म्हणून लाइफ जॅकेट नको, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. जॅकेट दोन्ही पोशाखांवर हवंच.

दोघांत मला महत्त्वाचा वाटणारा फरक बिघाडाचा आहे. वेटसूटला भोक पडलं तर तेवढीच जागा गार होते, दिवस निभावतो. ड्रायसूटची मानेची पट्टी फाटली तर सगळं संरक्षण एकदम जातं. आत शिरलेलं पाणी तुम्हाला खाली ओढत नाही, पाण्यात पाण्याला वजन जाणवत नाही. पण बोटीच्या शिडीवर चढताना पायांत बादलीभर पाणी घेऊन चढावं लागतं, तेही गारठलेल्या हातांनी. लेटेक्सला ऊन आणि तेल सोसत नाही, ते काही वर्षांत चिकट होतं किंवा तडकतं. पट्ट्या बदलत राहणं हा ड्रायसूटचा कायमचा खर्च, मूळ किंमत जास्त असते ती वेगळीच.

मग तो घ्यायचा कधी? पाणी पंधरा अंशांखाली गेलं की पडल्याबरोबर श्वास आत ओढला जातो, तो आवरता येत नाही. थंड पाण्यावर संशोधन करणारे कॅनडाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी एक हिशेब रूढ केला आहे: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि थंडीने शुद्ध हरपायला सुमारे एक तास. आपटून पडणाऱ्याच्या दृष्टीने त्यातलं पहिलं मिनिट सर्वांत वाईट, कारण डोकं पाण्याखाली असतानाच तो श्वास ओढला जाऊ शकतो. ड्रायसूटमध्ये हा धक्का बऱ्याच प्रमाणात टळतो.

इथे कुणी पुण्याच्या रोहन मोरेंचं उदाहरण देईल. २०१८ मध्ये त्यांनी सात सामुद्रधुन्यांचं आव्हान पूर्ण केलं, आणि त्या पोहण्याच्या नियमांत वेटसूट बसत नाही. पण असे जलतरणपटू महिनोन् महिने थंड पाण्याची सवय करतात आणि पाण्यात क्षणभर थांबत नाहीत, स्नायूच त्यांची भट्टी असते. बोटीत पाळीची वाट बघणाऱ्याला ती सोय नाही.

सिएटलला राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना हा प्रश्न खरोखर पडू शकतो. तिथलं लेक वॉशिंग्टन उन्हाळ्यात वीस अंशांच्या वर जातं आणि हिवाळ्यात सात-आठवर येतं. मे ते ऑक्टोबर वेटसूटवर निघतात. त्यापुढेही खेळायचं तर ड्रायसूट, आणि तो विकत घेण्याआधी एखाद-दोनदा भाड्याने घेऊन बघितलेला बरा. आपल्याकडे, समजा, उटनूरजवळच्या कडम जलाशयावर जानेवारीत कुणी फळी घेऊन उतरलं, तर ड्रायसूटची काही गरज नाही. तीन मिलिमीटरचा वेटसूट, गुळगुळीत छातीचा, आणि वर जाकीट. हवा सकाळी बोचरी असते, तेव्हा ऊन चढल्यावर दहा-अकराला उतरायचं, म्हणजे जाकीटही फारसं लागणार नाही.

वापरून झाल्यावर दोन्ही सूट गोड्या पाण्यात खळबळायचे आणि सावलीत वाळवायचे. वेटसूट तारेवर खांद्यांनी टांगू नका, ओल्या वजनाने खांदे ताणतात. कमरेत दुमडून टाका. ड्रायसूटच्या पट्ट्यांना बिनवासाची टाल्कम पावडर लावा आणि धातूच्या चेनवर मेणाची कांडी फिरवा. सूट ठेवताना चेनला घडी पडू देऊ नका. तिथे एकदा चीर गेली की सगळी चेनच बदलावी लागते.