पेठेची तालीम

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पहिल्यांदाच सामना बघायला आलेल्या पाहुण्याची हमखास फसगत होते. नावं असतात पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. आणि मैदानात उतरतात ते बूट-मोजे घातलेले फुटबॉलपटू. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत हा हंगाम चालतो. भर उन्हात गॅलरी भरलेली असते आणि चेंडू गोलपोस्टला चाटून गेला तरी अख्खी पेठ हळहळते. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल कधी आणि का घेतला, हे विचारायला गेलात तर शेजारचा माणूस खेळावरची नजर न काढता म्हणेल, "पोरं तीच की. खेळ दुसरा."

त्या उत्तरात तालमीचा सगळा स्वभाव आला. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. मारुतीची मूर्ती, तांबड्या मातीचा हौद, दोन-चार खोल्या आणि बाहेर बसायला कट्टा एवढीच तिची मालमत्ता. पण पेठेतली कुस्ती तिथं, फुटबॉलचा संघ तिथं, गणपती तिथं, शिवजयंती तिथं, भांडण मिटवायचं तेही तिथंच. पोरगा सायंकाळी घरी नसेल तर आई आधी तालमीच्या कट्ट्यावर निरोप धाडते.

याची मुळं राजर्षी शाहू महाराजांपर्यंत जातात. 1894 ते 1922 या त्यांच्या कारकिर्दीत कोल्हापूर कुस्तीची पेठ झालं. महाराज स्वतः मल्लविद्येचे शौकीन होते आणि उत्तरेतले नामांकित मल्ल त्यांच्या आश्रयाला येऊन राहत. 1912 साली खासबागेचं मैदान उभं राहिलं. युरोपच्या दौऱ्यात रोमचं प्राचीन क्रीडागार पाहून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. मैदान बशीसारखं खोलगट आहे. मधोमध हौद आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या ओळीतल्या माणसालाही पैलवानाचा पट काढताना हात कुठं गेला ते दिसतं. तीसेक हजार माणूस तिथं बसतो.

खासबागेचं कौतुक सगळेच करतात. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. याच महाराजांनी 1901पासून कोल्हापुरात जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं काढली. खेड्यातल्या पोराला शाळा नको असते असं नाही, शहरात रात्री पाठ टेकायला जागा नसते, हे त्यांनी ओळखलं होतं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी नीट पाहिल्या तर तीही वसतिगृहंच आहेत. सांगली, सातारा, सोलापूरकडची, कर्नाटकाच्या सीमेवरची पोरं ट्रंक आणि वळकटी घेऊन येतात आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतात. क्रीडासंकुल बांधताना आपण छत, दिवे आणि फरशी मोजतो. पोरगं राहणार कुठं, जेवणार काय आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, हे तीन प्रश्न मात्र निविदेत नसतात. तालीम चालली ती या तीन प्रश्नांवर.

पहाटे चारच्या सुमाराला दिवा लागतो. पहिलं काम हौद उकरण्याचं. नवं पोरगं आलं की त्याच्या हातात फावडं देतात. रात्रभर बसलेली माती एका कडेपासून खणत यायचं, ढेकळं फोडायची, मग सपाट करायची. कुस्तीचा एकही डाव न शिकता पोरगं महिनाभर हेच करतं, आणि तेवढ्यात त्याचे खांदे, पाठ आणि मनगटं तयार झालेली असतात. ही माती शेतातून उचलून आणलेली नसते. चाळून मऊ केलेल्या तांबड्या मातीत ताक, लिंबाचा रस, तेल, हळद, कापूर घालून ती मुरवतात. अंग खरचटलं तरी जखम चिघळू नये, हा त्यातला हेतू. नीट राखलेल्या हौदाला एक ओलसर, आंबूस वास असतो. जुना वस्ताद मूठभर माती दाबून बघतो आणि पाणी कमी पडलंय की जास्त ते सांगतो.

मग जोर, बैठका आणि त्यानंतर लढती. वस्ताद कडेला उभा. तो फार बोलत नाही. "मान दे," "पाय मागं," "सोडू नकोस," एवढंच. थोरला पैलवान धाकट्याला अंगावर घेतो, त्याला पट काढू देतो, मग सावकाश खाली आणतो. कलाजंग, ढाक, घिस्सा, मोळी ही नावं कानावर पडता पडता पोरगं ती अंगानं शिकतं. इथला बराचसा शिक्षक हा विद्यार्थीच असतो. फी न घेता शंभर वर्षं चाललेल्या संस्थेचं गणित यात आहे.

दुसरं गणित स्वयंपाकघराचं. पोरं टोळक्यानं राहतात आणि पाळीनं रांधतात. गहू, ज्वारी, तूप गावाकडून येतं. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी दगडी कुंडीत घोटून थंडाई करायची हे रोजचं काम. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळली जाते आणि धारोष्ण दुधाचा पेला तिथंच तोंडाला लावतात. पैलवानांबरोबर आता पर्यटकही रांगेत असतात. पण खुराकाचा खर्च हीच आज खेड्यातल्या बापाची खरी अडचण आहे. गुंठ्यांतल्या शेतीवर पैलवान पोसणं सोपं नाही. काही साखर कारखाने मल्लांना मानधन देतात, जत्रांच्या मैदानात इनाम मिळतं, बाकी भार आईबापावर. एखादा गुडघा दुखावला की सगळा डाव मोडतो.

नामवंतांची यादी मोठी आहे. 1959 साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे शाहूपुरीत घडले. शिराळ्याजवळच्या पुनवतहून आलेले गणपतराव आंदळकर 1960 साली हिंदकेसरी झाले, 1962च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी पदकं मिळवली आणि नंतर आयुष्यभर मोतीबागेत वस्ताद म्हणून राहिले. दादू चौगुले त्यांच्याच हाताखालचे. पण तालमीचा हिशेब या नावांवर मांडला तर तो चुकेल. हौदात उतरलेल्या शंभरांतला एखादा केसरी होतो. उरलेल्यांपैकी कुणी पोलिसात जातं, कुणी सैन्यात, कुणी रेल्वेत. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत असलेल्या पाच टक्के आरक्षणाचा काहींना आधार मिळतो. कुणी मोडलेले कान घेऊन गावी परततो आणि चावडीशेजारी स्वतःचा छोटा आखाडा घालतो. पुढच्या जत्रेत त्याची पोरं रेवड्यांच्या कुस्त्या खेळतात आणि त्यातलंच एखादं पुन्हा ट्रंक घेऊन कोल्हापूरची एसटी धरतं.

पेठेला या पोरांचा उपयोग काय, ते पुरात दिसतं. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. सरकारी बोटी येईपर्यंत ज्यांनी म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, जनावरं सोडवली, शाळांमध्ये चुली पेटवल्या, त्यांत तालीम-मंडळांची पोरं ठिकठिकाणी होती. कोण कुठल्या घरात राहतं, कुणाला चालता येत नाही, कुठल्या बोळात पाणी आधी शिरतं, हे त्यांना माहीत होतं. रोज एका कट्ट्यावर बसणाऱ्यांनाच ते माहीत असतं.

आता दुसरी बाजू. पेठेचा अभिमान फुटबॉलमध्ये उतरला तसा तिचा दंगाही उतरला. समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी सामने आणि हंगाम थांबले आहेत. आफ्रिकेतले खेळाडू पैसे मोजून आणायचे आणि पेठेतलं पोरगं बाकावर बसवायचं, हाही शौक झाला. 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, पण त्याची घडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली. लहान गटांसाठी पद्धतशीर प्रशिक्षण हे तालीम-मंडळांचं काम होतं. त्याऐवजी वर्गणी मिरवणुकीच्या ध्वनिभिंतीवर जास्त खर्च झाली. वर्गणीदारांनी हे विचारायला हवं.

मातीचं प्रेमही एका हद्दीपलीकडं आंधळं आहे. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव 1948 साली ऑलिंपिकसाठी लंडनला गेले तेव्हा त्यांना मॅटवरच्या कुस्तीचा सरावच नव्हता. तरी ते सहावे आले आणि 1952 साली हेलसिंकीत त्यांनी ब्राँझपदक मिळवलं. त्या दौऱ्यासाठी कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर सात हजारांना गहाण टाकलं होतं. म्हणजे मॅट हवी, हे कोल्हापूरला तेव्हापासून ठाऊक आहे. आज मोठ्या तालमींत मॅट आली, पण बऱ्याच ठिकाणी ती उशिरा आणि अपुरी आली.

सगळ्यांत मोठी उणीव मुलींची. जुन्या तालमींच्या हौदात बाईनं उतरायचं नाही, हा दंडक अजून पुरता सुटलेला नाही. दरम्यान कागल तालुक्यातल्या मुरगूडसारख्या गावात मुली मॅटवर घडल्या आणि राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत पोहोचल्या. निवासी तालमींत मुलग्यांच्या राहण्यामुळं अडचण आहे, हे खरं. पण पेठांमध्ये अशा कितीतरी तालमी आहेत जिथं हौद कधीच बुजला, वरच्या मजल्यावर हॉल झाला आणि तो लग्नसराईत भाड्यानं जातो. तिथं राहायला कुणी नाही, त्यामुळे अडचणही नाही. मॅट अंथरायला एवढा हॉल पुरतो, आणि सकाळ-संध्याकाळ मुलींना शिकवायला निवृत्त पैलवान प्रत्येक पेठेत कट्ट्यावर बसलेले आहेत. मंडळाच्या सभेत ठराव घ्यायचा बाकी आहे.