खोतांच्या वाड्यात शिरलेले वाचक

घराण्याची कादंबरी वाचून संपली की मराठी वाचक कादंबरीविषयी फारसं बोलत नाही, आपल्या आजोबांविषयी बोलायला लागतो. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’चा विषय काढून पाहावा. समोरचा माणूस पाच मिनिटांत घरच्या वाटण्या, कोर्टात गेलेला बांध आणि चुलत्याने गिळलेली आमराई यांवर येतो. समीक्षकांना हे वाचन ढिसाळ वाटतं. या कादंबऱ्यांचा खरा विचार तिथूनच सुरू होतो, असं प्रस्तुत लेखक वर्षानुवर्षं सांगत आला आहे. मंडळी हसतात. हसोत.

आढावा म्हटला की हरिभाऊ आपट्यांपासून निघायचा रिवाज आहे. तो इथे मोडला तरी चालेल. गो. नी. दांडेकरांची अंबूवहिनी 1955 साली ‘पडघवली’ची कहाणी सांगू लागली, तेव्हा तिचे कितीतरी वाचक गिरगाव-दादरच्या चाळींत राहत होते. गावाकडच्या घराला कुलूप घालून आलेली ही माणसं. पुरुषांना त्यात मोडका वाडा आणि उजाड झालेली आगरं दिसली. बायकांना त्याहून निराळं काही सापडलं: घराची हकीकत ओटीवरून नव्हे, माजघरातून सांगता येते. पुढची तीसेक वर्षं भराभर ओलांडावीत. शहरी एकटेपणाच्या कादंबऱ्या भरपूर आल्या, त्यांतल्या काही उत्तम होत्या. पण पिढ्यान् पिढ्यांची घराणी विरळ झाली.

मग 1987 साली ‘तुंबाडचे खोत’ आली. दोन जाडजूड खंड, जगबुडीच्या काठचं गाव, चार पिढ्या. दापोली तालुक्यातल्या मुर्डीत जन्मलेले आणि मुंबईत ‘बेस्ट’मध्ये नोकरी केलेले पेंडसे तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्या काळी वाचनालयातल्या प्रती चाळणं हा प्रस्तुत लेखकाचा छंद होता. कोऱ्या पानांवर वाचकांनी पेन्सिलीने खोतांची वंशावळ मांडलेली असे, कोण कुणाचा मुलगा हे विसरू नये म्हणून. समासात भांडणंही चालत. कुणाचा जीव मधूवर, कुणाचा जुलालीवर. एखादा वाचक मधल्याच पानावर ‘अगदी आमचे अण्णा’ एवढंच लिहून पुढे गेलेला. विद्वानांनी कादंबरी पसरट ठरवली, भावविवश ठरवली, वर ‘प्रादेशिक’ अशी चिठ्ठी डकवली. पण पसारा आहे म्हणून तर आणखी एका घराला आत जागा मिळाली!

पण आणखी एक वाचक आहे. त्याच्याकडे त्या विद्वानांनी ढुंकूनही पाहिलं नाही. खोत सरकारच्या वतीने सारा वसूल करी, कुळांकडून पिकाचा वाटा घेई, शिवाय वेठ राबवून घेई. अलिबागजवळच्या चरीत 1933 साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी संप पुकारला, तो वर्षानुवर्षं चालला. खोती नष्ट करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी 1937 च्या सप्टेंबरात मुंबई विधिमंडळात मांडलं. कायदा व्हायला 1949 उजाडलं. त्या कुळांची नातवंडं शिकली आणि त्यांनीही ‘तुंबाडचे खोत’ हातात घेतली. खोतांच्या ऱ्हासाला खोतांचा नातू हळहळतो. कुळाचा नातू त्याच पानावर विचारतो, वाड्यात हे चाललं होतं तेव्हा आपला आजोबा खळ्यात उभा होता, तो काय म्हणत होता? तरीही तो पुस्तक खाली ठेवत नाही. रागावतो आणि दुसरा खंड मागायला येतो. याच्याशी एखाद्या परिसंवादाने बोलायला हवं होतं. परिसंवाद पुष्कळ झाले, विषय मात्र ‘निवेदनतंत्र’.

घराण्याच्या कादंबरीवर रागावणं ही काही कोकणची मक्तेदारी नव्हे. टोमास मानची ‘बुडेनब्रोक्स’ 1901 साली निघाली, तेव्हा ल्यूबेक गावात कोणतं पात्र म्हणजे गावातला कोण, याच्या याद्या फिरल्या. खुद्द लेखकाच्या काकांनी 1913 मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात देऊन पुतण्याचा निषेध केला. तिथली तक्रार ‘आम्हाला का आणलंत’ अशी होती. आपल्याकडच्या कुळाच्या नातवाची तक्रार नेमकी उलटी.

भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू’ ही कादंबरी 2010 मध्ये आली ती वादांच्या धुरळ्यातच. शीर्षकावर भांडणारे पुष्कळ निघाले, सहाशे पानं वाचणारे त्या मानाने कमी. वाचणाऱ्यांत खानदेशातली शेतकऱ्यांची शिकलेली मुलं होती. मोहेंजोदडोचं उत्खनन सोडून वडिलांसाठी गावी निघालेला खंडेराव त्यांना ओळखीचा वाटला. रंगनाथ पठारे यांच्या ‘सातपाटील कुलवृत्तांत’ने 2019 मध्ये सुमारे सातशे वर्षांचा पल्ला घेतला. त्यात मराठा घराण्याच्या शुद्धतेचा फुगा फोडलेला असल्याने काही वाचक सुखावले, काही बिथरले. दोन्ही प्रकारांनी आधी स्वतःच्या वंशावळीचे कागद काढले असणार, असा दाट संशय आहे.

आता वाचक पुस्तकाला तारे देतो. साडेतीन तारे! साडेतीन ताऱ्यांत आमराईचं भांडण मावत नाही आणि पेन्सिलीची अक्षरंही उमटत नाहीत. त्यातच 2018 साली ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला आणि 2024 मध्ये पुन्हा लागून अधिकच चालला. नाव पेंडशांच्या कादंबरीवरून, कथेमागची प्रेरणा नारायण धारपांची. त्यामुळे नवे वाचक चित्रपटातलं सोनं आणि हस्तर हा राक्षस शोधत कादंबरीत शिरतात. शंभर पानं झाली तरी भूत निघेना, म्हणून बरेच जण माघारी फिरतात. काही थोडे पिढ्यांच्या गुंत्यात अडकतात आणि रात्री जागतात. अशाच एका तरुणाने पहिला खंड संपवून ‘खोत म्हणजे नेमकं काय करायचे हो?’ असं विचारलं होतं. त्याचं स्वतःचं आडनाव खोत होतं.